कोपरा फाटलेलं पिवळं पाकीट

२००५ साल. माझं वय सदुसष्ट. फ्रँकफर्टला मुलाकडे राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं. त्या नोव्हेंबरात माझ्या हातून असं काही झालं की एका माणसाची बायको आणि मुलगी त्याला कायमच्या अंतरल्या असत्या. हेतू चांगला होता, एवढं म्हणून मी सुटू शकतो. पण मला सुटायचं नाही, म्हणून झालं तसं लिहितो.

माझी शाळा चौथीत संपली. पाइप फिटिंगमध्ये मात्र मला शिकवणारा अजून जन्मायचा आहे, हे मी पिंपरीतही म्हणायचो आणि बसऱ्यालाही. बसऱ्याला मी अठ्ठ्याहत्तर साली गेलो. आपल्याकडची एक कंपनी तिथे पाण्याची लाइन टाकत होती. इराक तेव्हा श्रीमंत देश. तिथले इंजिनीयर इस्त्रीचा शर्ट घालून जीपमधून उतरायचे, आम्ही खड्ड्यात उभे. ते वरून बोट दाखवायचे, आम्ही खाली पाइप वळवायचो. दोन वर्षांत कामापुरती अरबी तोंडात बसली. मग लढाई लागली आणि कंपनीनं आम्हाला घरी धाडलं.

ती अरबी पंचवीस वर्षांनी उपयोगी पडली, आणि तीही जर्मनीत. मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जायचे, नात शाळेत. मी बोललो तर भिंत ऐकणार. आमच्या इमारतीच्या तळाला भाजीचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर बाक. त्या बाकावर दोन म्हातारे बसायचे. एक मोरोक्कोचा, दुकान त्याच्याच मुलांचं. सगळे त्याला हाजी म्हणायचे. दुसरा इराकी, आमच्याच जिन्यात चौथ्या मजल्यावर एकटा राहणारा. हाजी त्याला चिडवायला "मुहंदिस" म्हणायचा, म्हणजे इंजिनीयर. आणि तो होताच इंजिनीयर, बसऱ्याच्या पाणीखात्यातला. आम्ही टाकलेल्या लाइनची देखभाल पुढे त्यानं केली होती. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा चहा प्यालो. मला ते "उस्ता" म्हणू लागले. तिकडे कसबी कारागिराला तसंच म्हणतात.

आता गंमत बघा. जो वरून बोट दाखवायचा त्या जातीचा माणूस इथे कचेऱ्यांच्या फरशा पुसत होता. खड्ड्यात उभा राहणाऱ्याचा मुलगा तसल्याच कचेरीत खुर्चीवर बसत होता. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. मनात मात्र पुष्कळ वेळा म्हटलं. खोटं कशाला सांगू.

हाजीला तेवढीही भीड नव्हती. "उस्ता, मी सही करायला इथे येऊन शिकलो. आज तीन मुलं दुकानात, पोरगी पोस्टात. आणि हा बघ, एवढा शिकलेला, बादली उचलतो."

मुहंदिस शांतपणे म्हणायचा, "तुला कारखान्यानं बोलावून आणलं, हाजी. डॉक्टरनं दात बघितले, गाडीत बसवलं, उतरलास तर खोली तयार. मी टोमॅटोच्या ट्रकमधून आलो."

"म्हणून तर भाजीच्या दुकानासमोर बसलायस."

आधी मला हाजीचंच पटायचं. कष्ट करतो तो वर येतो, हा माझा जन्माचा हिशोब. अरब म्हणजे सगळे सारखेच, असं माझा मुलगा म्हणायचा, टीव्हीही तसंच सांगायचा. मग एकाच आईबापाची मुलं असावीत तशी यांची गत सारखी का नाही? आमच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर लेबनॉनचं एक कुटुंब होतं. पंधरा वर्षं झाली, तरी त्यांचा राहण्याचा कागद तीन-तीन महिन्यांनी वाढवून मिळायचा. त्यांचा थोरला शाळेत हुशार. पण कामावर घेताना मालक कागदावरची तारीख बघायचा आणि नको म्हणायचा. हाजी इथे आला तेव्हा हातात करार होता, म्हणून त्याच्या पोरांना दुकान काढता आलं. मुहंदिसाला आसरा मिळाला होता, कामाची परवानगी होती, पण त्याची डिग्री इथे कोणी मानत नव्हतं. आणि माझ्या मुलाला तर कंपनीनं तिकीट पाठवून आणलेलं. टाकी एकच असली तरी पाणी कुठल्या नळाला येणार ते व्हॉल्व्ह फिरवणारा ठरवतो. हे फिटरला कोणी शिकवावं लागत नाही, तरी मला समजायला वर्ष लागलं. हाजीच्या घरी सगळं गोड होतं असंही नाही. कारखान्यातला रंग त्याच्या छातीत बसला होता, आणि एक नातू शाळा सोडून दिवसभर कोपऱ्यावर उभा असायचा. ते हाजी बाकावर बोलत नसे.

मुहंदिसाची बायको आणि मुलगी अम्मानला नातेवाइकांकडे होत्या. तो निघाला तेव्हा मुलगी सहा वर्षांची. त्यांना इथे आणायचे कागद पाच वर्षं फिरत होते, कधी जन्माचा दाखला चालायचा नाही, कधी लग्नाचा. त्या शरद ऋतूत मात्र काम होत आलं होतं. वकिलातीचं पत्र कधीही येईल असं त्याला कळवलं होतं, आणि तेवढ्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करावी लागली. त्यानंतर तीन आठवडे जवळच्या बाड हॉम्बुर्ग गावातल्या रेहा-क्लिनिकात ठेवणार होते. ऑपरेशननंतर चालायला-फिरायला शिकवतात तिथे.

ऑपरेशनला जाताना त्यानं बाकापाशी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. एक घराची, एक टपालाच्या पेटीची.

"उस्ता, झाडांना पाणी घाल. आणि पत्र आलं की मला सांग."

हाजीनं मुहंदिसाला विचारलं, "उस्ताला जर्मन वाचता येतं का?"

"येतं," मी म्हणालो. मला येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे.

पहिल्या दिवशी मी त्याचं घर उघडलं आणि दारातच थांबलो. आत कोणीतरी राहत होतं. म्हणजे तसं वाटत होतं. दोन पलंग चादरी ओढून तयार, उशाशी घडी केलेले टॉवेल, टेबलावर तीन पेले पालथे. आणि दाराशी भिंतीला लागून घरात घालायच्या सपाता ओळीनं मांडलेल्या. बायकोचा एक जोड, मुलीचे पाच. पहिला लहान, मग प्रत्येक थोडा मोठा. दर वर्षी मुलीचा पाय केवढा झाला असेल याचा अंदाज करून तो एक जोड आणत होता. एकाही जोडाचा तळ मळलेला नव्हता. पाच वर्षं एक मूल त्या भिंतीशी उभं राहून मोठं होत होतं आणि त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

मी झाडांना पाणी घातलं आणि निघालो. मागे वळून बघितलं नाही.

नोव्हेंबरात तिथे धुकं खाली उतरतं ते दुपारीही उठत नाही. अशाच एका दुपारी मी पेटी उघडली. आत एकच पाकीट होतं, पिवळं. त्यावर पेननं तारीख लिहिलेली, त्याच दिवसाची. आणि वरचा उजवा कोपरा फाटलेला.

माझ्या हातातून ते पडलं.

आता फोन झाले. पण माझ्या पिढीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मरणाची बातमी कार्डावर आली की कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमन ते उंबऱ्याबाहेरून द्यायचा. घरात घ्यायचं नाही, जपून ठेवायचं नाही, वाचलं की फाडून टाकायचं. माझ्या बापाचं कार्ड मला कामाच्या साइटवर असंच मिळालं. कोपरा बघूनच मी खाली बसलो होतो, अक्षरं दुसऱ्यानं वाचली. इथली सरकारी पत्रं छापील असतात एवढं मला माहीत होतं. यावर हातानं लिहिलं होतं. त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

कोण गेलं असेल? बायको की मुलगी?

मुहंदिसाची छाती चिरून आठवडा झाला होता. त्याला मोठा धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. पाकीट त्याच्या घरात नेणं शक्य नव्हतं, आमच्या घरात तर नाहीच. म्हणून मी केलरमध्ये उतरलो. सगळ्या इमारतीचं तळघर ते, फळ्या ठोकून ज्याची त्याची खोली केलेली. आमच्या खोलीच्या छताखालून गरम पाण्याची जाड लाइन जाते. तिच्या मागे पाकीट सरकवलं. तेवढ्यात दिवा टक्कन विझला. तिथला दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो, हे मला ठाऊक होतं. तरी अंधारात पाइपातलं पाणी वाहण्याचा आवाज ऐकत मी उभा राहिलो, आणि माझ्या मागे कोणीतरी पाय मोजून टाकतंय असं मला स्वच्छ वाटलं. लहान पाय.

त्यानंतर रोज दुपारी मी केलरमध्ये जाऊन बघायचो. पाकीट तिथेच असायचं, उबेनं थोडं वाकलेलं.

सूनबाईच्या लक्षात आलं. "अहो आबा, केलरमध्ये काय काढलंय तुम्ही? गारठा किती आहे तिथे."

"पाइप गळतोय का बघतो."

"इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरला सांगू की. त्याचं कामच आहे ते."

"त्याला काय कळतं पाइपातलं!"

नात जर्मनमध्ये काहीतरी बोलून हसली. सूनबाई म्हणाली, "ती म्हणतेय, आबा भूत पाळतायत." मी हसलो नाही.

रविवारी एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, बाड हॉम्बुर्गला गेलो. मुहंदिस खिडकीशी बसला होता. मला बघून पहिलं वाक्य, "पत्र?"

"नाही."

"उस्ता, पेटी रोज उघडतोस ना?"

"रोज उघडतो. पेटीच्या तळाचा पत्रासुद्धा पाठ झाला."

तो हसला, हसताना छातीवर हात दाबून धरला. मग म्हणाला, "काल दुपारी डोळा लागला तर मुलगी आली होती. काही बोलत नव्हती. नुसती पायाकडे बघत होती, आपल्या पायाकडे."

पायांचं त्यानं मला आधी कधी सांगितलं नव्हतं, आणि सपाता मी पाहिल्यात हे मीही त्याला बोललो नव्हतो. तेव्हाच माझं ठरलं. गेली ती मुलगीच.

पत्र दुपारी आलेलं, म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजले. दहाव्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मूठभर भात केला आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. ते लोक मुसलमान, त्यांच्यात हे नाही, हे मला कळतं. पण पोरगी परक्या गावात गेलेली, बापाला पत्ता नाही. तिचं कोणीतरी काहीतरी करायला हवं, आणि माहिती असलेला मी एकटाच. मनात म्हटलं, बाई, तुझ्या बापाला बरं वाटलं की मी स्वतः सांगतो, तोवर त्याच्या स्वप्नात येऊ नकोस.

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. तिथले कावळे मोठे, भित्रे. माणूस असेल तिथे येत नाहीत. हा माझ्यापासून हातभर अंतरावर बसला, भात खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि धुक्यात गेला. पंखाचा आवाजही आला नाही.

त्याच दुपारी झाडांना पाणी घालायला वर गेलो. ओळीतला शेवटचा जोड, सगळ्यात मोठा, उलटा वळलेला होता. बाकीच्यांची टोकं भिंतीकडे, त्याची दाराकडे, कोणी घालून बाहेर निघावं तशी. घराची एक किल्ली माझ्याकडे होती आणि दुसरी मुहंदिसाकडे. मी तो जोड सरळ केला नाही. तसाच ठेवून बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो.

तेराव्या दिवशी ठरवलं, आता लपवणं बास. दुखवटा संपतो त्या दिवशी. पण अशी बातमी एकट्यानं सांगायची नसते, जाणत्या माणसाला सोबत घ्यायचं असतं, आणि तोही त्याच्या भाषेतला हवा. मी दुकानासमोर जाऊन हाजीला म्हणालो, "चल. मुहंदिसाची मुलगी वारली."

हाजीचा हात कपाळाला गेला. "तुला कोणी सांगितलं?"

"पत्र आलंय."

केलरमध्ये मी पाइपामागून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं हा आता मारणार.

"कधी आलं?"

"तारीख वर आहेच की."

"म्हणजे तेरा दिवस? अरे, हे पिवळं आहे! पिवळं पाकीट फक्त कोर्टाचं नाहीतर सरकारचं असतं. पोस्टमन त्यावर तारीख टाकतो, कारण त्या दिवसापासून मुदत सुरू होते. जर्मनीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे हे!"

"आणि कोपरा?"

"कसला कोपरा? पेटीच्या पत्र्याला अडकून फाटला असेल!" मग त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो थांबला. मी आमच्याकडची रीत सांगितली. त्यानं ऐकून घेतली. दिवा टक्कन विझला. अंधारातच तो म्हणाला, "मला चाळीस वर्षं वाचता येत नाही, उस्ता. पण विचारायला मी कधी लाजलो नाही. भाजी घ्यायला आलेल्या पोरीबाळींनासुद्धा विचारलं."

"मी लाजलो नाही. मला माहीत होतं."

"हो. तुला माहीत होतं," तो म्हणाला. तसं पुन्हा मला आयुष्यात कोणी बोललं नाही.

हाजीची पोस्टातली मुलगी सुट्टीवर दुकानात होती. आमच्यात ठरलं की कुणाच्या जिवाची मुदत चालली असताना परवानगीसाठी थांबायचं नाही. तिनं पाकीट फोडलं, उभ्यानं वाचलं, मग दोघांना कळेल अशा अरबीत हळूहळू सांगितलं. मुहंदिसाला दिलेला आसरा सरकारनं काढून घेतला होता. इराकातलं जुनं राज्य गेलं, आता तुम्हाला तिथे भीती नाही, असं लिहिलं होतं. दोन आठवड्यांत कोर्टात दाद मागितली नाही तर निकाल कायम. आसरा नाही म्हणजे बायकोमुलीला आणायचा हक्कही नाही. पाच वर्षांचे कागद पाण्यात.

"दोन आठवडे कधी संपतात?" मी विचारलं.

"उद्या."

म्हणजे कोणी मेलं नव्हतं. मुलगी अम्मानला जिवंत होती, शाळेत जात होती. मी तिचा दहावा केला होता आणि कावळा शिवला होता. कोणासाठी शिवला ते मला आजतागायत समजलेलं नाही. जोड कोणी वळवला तेही नाही.

हाजीच्या मुलीनं एका वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, सही घेऊन उद्या दुपारच्या आत या, मी अर्ज तयार ठेवतो. हाजी म्हणाला, आत्ता मुहंदिसाला फोन करू. मी आडवा आलो. छाती चिरलेल्या माणसाला ही बातमी फोनवरून द्यायची नाही. मी लपवलं, मीच त्याच्या हातात देणार. हाजीचा मुलगा गाडी काढायला तयार होता, त्यालाही नको म्हटलं. हाजी म्हणाला, "गाढवाला वाट दाखवता येते, उस्ताला नाही." पण वकिलाच्या दारात भेटायचं त्यानं कबूल केलं.

संध्याकाळी मी मुलाला आणि सूनबाईला बसवून सगळं सांगितलं. मुलगा आवाज चढवणार होता, सूनबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला. "आबा, मी येते उद्या," ती म्हणाली. मी नको म्हणालो. पाकीट मात्र त्या दिवशी घरात घेतलं आणि देवासमोर न ठेवता माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची एस-बान धरली. क्लिनिकचं दार उघडायच्या आधी मी दारात होतो. मुहंदिस नुकताच उठला होता. मी पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर बोलता आलं नसतं. तेरा दिवस माझ्याकडे होतं. कोपरा फाटका बघून मला मरणाचं वाटलं. मला जर्मन वाचता येत नाही. मुदत आज संपते, दुपारच्या आत वकिलाला तुझी सही हवी.

त्यानं पत्र वाचलं. वरची तारीख बघितली.

"कोण मेलं असं वाटलं तुला?" त्यानं विचारलं.

"मुलगी."

त्यानं मान हलवली. मग पलंगावरून पाय खाली सोडले आणि बुटाकडे हात दाखवला. त्याला अजून वाकता येत नव्हतं. मी खाली बसलो, त्याचे पाय बुटात घातले, नाड्या बांधल्या. नर्स ओरडत मागे आली तेव्हा आम्ही दोघं जिना उतरत होतो. तो माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी, आणि पाकीट त्याच्या हातात.